झरणीवर कानस

झरणीनें लिहिण्याची हौस आपल्या सुशिक्षित तरुणांत पुन्हां जागी झाली आहे, ही गोष्ट मला मनापासून आवडते. बॉलपेन आणि संगणकाचा कळफलक यांच्या राज्यांत शाईची बाटली, टिपकागद आणि झरणी यांना कोणी पुसणार नाहीं असें सर्वत्र बोललें जात होतें. तसें झालें नाहीं. महाविद्यालयाच्या वर्गांत आजहि चारदोन मुलांच्या खिशाला झरणी दिसते. तीं मुलें शाईच्या छटांविषयीं हिरिरीनें बोलतात, कागद बोटांनीं चाचपून घेतात. जेथें लेखणीची आवड आहे तेथें लेखनाचीहि आवड टिकण्याचा संभव असतो. परंतु या हौशीच्या पाठोपाठ एक खूळ आलें आहे आणि तें चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांत पसरत आहे. त्याची कोणाचीहि भीड न धरतां चिकित्सा होणें जरूर आहे.

तें खूळ असें. बाजारांत मिळणारी साधी पोलादी निब कणखर असते; तिच्यावर भार दिला तरी रेघ फारशी रुंदावत नाहीं. म्हणून ती निब झरणींतून उपसून काढावयाची, तिच्या दोन्ही खांद्यांना कानशीनें अथवा विजेवर फिरणाऱ्या चिमुकल्या सहाणेनें अर्धचंद्राकृति खांचा पाडावयाच्या, पॉलिश कागदानें त्या गुळगुळीत करावयाच्या, आणि निब पुन्हां जागेवर बसवून मोठ्या ऐटींत ‘आतां ही लवचीक झाली’ असें म्हणावयाचें! अर्ध्या तासाचें काम, थोडक्या पैशांचा पॉलिश कागद, आणि हातीं शंभर वर्षांपूर्वींची सोन्याची निब! इतका स्वस्त चमत्कार आमच्या पुराणांतहि सांपडत नाहीं.

माझें म्हणणें दोनच वाक्यांत सांगतां येईल. कानशीनें निब दुबळी होते, लवचीक होत नाहीं. आणि ती खरोखरच लवचीक झाली तरी देवनागरी लिहिणाराला त्या लवचीकपणाचा कांहीं उपयोग नाहीं. हीं दोन्हीं विधानें आतां क्रमानें सिद्ध करून दाखवितों.

प्रथम, लवचीक निब ही वस्तु कोणाच्या कामाची होती तें पाहूं. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत व्यापाराबरोबर एक गोल, तिरपें, सफाईदार वळण रूढ झालें. वर जाणारी रेघ केंसासारखी, खालीं येणारी रेघ भरदार, असें त्याचें रूप. जॉर्ज बिकम यानें १७३३ पासून १७४१ पर्यंत भागशः प्रसिद्ध केलेला ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा त्या वळणाचा नामांकित कित्ता होय. आमच्या हौशी मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे: या कित्त्यांतील पानें तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं होतीं, आणि ‘कॉपरप्लेट’ हें नांवहि त्यावरूनच पडलें. म्हणजे ज्या केंसासारख्या रेघेच्या मागें हे लोक लागले आहेत ती कित्त्यांत लेखणीनें काढलेली नसून कोरणाराच्या पोलादी सळईनें काढलेली आहे. लिहिणारे हंसाच्या पिसानें, आणि पुढें एकोणिसाव्या शतकांत बर्मिंगहॅमच्या पोलादी टाकानें, तिच्याजवळ जाण्याची खटपट करीत. जोसेफ गिलट याच्यासारख्या कारखानदारांनीं असे टाक अतोनात संख्येनें जगभर पाठविले.

पुढें १८८४ सालीं न्यूयॉर्कच्या लुई एडसन वॉटरमन यानें आपल्या झरणीचें पेटंट घेतलें. त्या काळच्या लोकांचा हात टाकावर तयार झालेला. तेव्हां झरणींतहि त्यांना तीच नरमाई हवी होती. म्हणून सोन्याच्या निबा लवचीक करीत. सोनें वापरण्याचें कारण केवळ श्रीमंती नव्हे. तेव्हांच्या शाईंतील आम्लानें पोलाद खाल्लें जाई, सोनें टिके. चोवीस भागांत चौदा भाग सोनें आणि बाकीचें तांबें, चांदी इत्यादि, असा मिश्रधातु घेऊन, तो लाटून, जागोजाग पातळ करून, त्यास ती विशिष्ट उसळी आणीत. १९२७ सालीं वॉटरमन कंपनीनें निबांच्या प्रकारांस रंगांचीं नांवें दिलीं. त्यांतील गुलाबी खुणेची लवचीक निब आजहि संग्राहकांत नांवाजलेली आहे.

मग ही निब नाहींशी कां झाली? आमचे मित्र म्हणतात, कारखानदार आळशी व चिक्कू झाले म्हणून. हा आरोप इतिहासाला धरून नाहीं. कचेऱ्यांत कार्बन कागद आला. वरच्या कागदावर लिहिलेलें खालच्या कागदावर उठावयाचें, तर निब कडकच हवी. लवचीक निब भार स्वतःच गिळून बसते. अमेरिकेंत ऑस्टिन पामर यानें १८९४ पासून जलद व्यापारी लेखनाची जी पद्धति पुस्तकांवाटे शिकविली, तिच्यांत जाड-बारीक रेघांचा थाट जवळजवळ सोडूनच दिला होता. १९४१ सालीं पार्कर ५१ ही झरणी बाजारांत आली. तिची निब कवचाखालीं झांकलेली आणि खिळ्यासारखी ताठ होती, आणि लोकांनीं ती डोक्यावर घेतली. चार वर्षांनीं बॉलपेनहि न्यूयॉर्कच्या दुकानांतून विकलें जाऊं लागलें. लिहिणाराची गरज बदलली आणि तिच्यामागून निब बदलली. आजची कणखर निब ही रोजच्या वेगवान लेखनाकरितां मुद्दाम केलेली वस्तु आहे. ती बिघडलेली लवचीक निब नव्हे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. लवचीकपणा म्हणजे काय? वांकणें म्हणजे लवचीकपणा असेल तर ओल्या मातीपेक्षां लवचीक पदार्थ जगांत नाहीं. वेताची छडी लवचीक आहे, कारण ती वांकवून सोडली कीं सरळ होते. लवचीकपणाचें मर्म वांकण्यांत नसून परतण्यांत आहे. प्रत्येक धातूची परतण्याची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडे ताण गेला कीं धातु वांकलेलाच राहतो. ही मर्यादा धातूच्या घडणीनें, लाटण्यानें, पाणी देण्यानें ठरते. कानशीनें ती तिळभरहि वाढत नाहीं. कानस कशाचाच संचय करीत नाहीं. तिला फक्त वजाबाकी येते.

आणि वजाबाकी तरी योग्य जागीं होते काय? पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतें कीं, एका टोंकाशीं पक्क्या बसविलेल्या सपाट पट्टीची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. परंतु जाडी निम्मी केली तर तो एक अष्टमांश होतो. शिवाय पातळ पट्टी तितकीच वांकविली तर तिच्या अंगांत ताणहि कमी उत्पन्न होतो. जुन्या कारागिरांचें रहस्य येथें आहे: त्यांनीं निब पातळ केली. आमचे घरगुती कारागीर ती अरुंद करतात. खांद्यांत खांच पाडली म्हणजे निबेची कमान तेवढ्याच जागीं मोडते, सगळा वांक त्या अरुंद मानेंत एकवटतो, आणि तेथला धातु आपल्या मर्यादेजवळ लवकर पोंचतो. बोटाला मात्र भास होतो कीं निब नरम झाली. कारण ती आतां थोड्या भारानें वांकते. दाराची बिजागरी अर्धी कापली तर दारहि हलकें वाटूं लागेल. पण कोणी त्यास सुताराचें कौशल्य म्हणणार नाहीं. त्यांतून कानशीचे आडवे ओरखडे राहिले तर तडा जाण्याला ती आयतीच जागा. आणि विजेच्या सहाणेखालीं पातळ कड तापून निळी पडली तर कारखान्यांत लाटून आणलेला कणखरपणाहि तेवढ्यापुरता जातो.

माझ्या वर्गांतील एका हुशार मुलानें अशी एक निब तयार करून मला मोठ्या अभिमानानें दाखविली होती. पहिल्या दिवशीं तिनें खरोखर सुरेख रेघा काढल्या. पंधरवड्यानें पाहिली तेव्हां तिच्या मधल्या चिरेच्या दोन्ही पाकळ्या उघड्या कात्रीसारख्या एकमेकींपासून फांकल्या होत्या आणि शाई टोंकापर्यंत पोंचतच नव्हती. पहिल्या दिवसाचें चित्र त्यानें दहा मित्रांस दाखविलें होतें. पंधराव्या दिवसाचें एकासहि नाहीं. या खुळाच्या प्रसाराचें कारण मला तेथें कळलें. पराक्रमाचीं चित्रें हातोहात फिरतात आणि मोडक्या निबा मुकाट्यानें केराच्या टोपलींत जातात.

याउपर दोन आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहींत. पहिला असा कीं, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतहि टाक घासतच होते. होते, यांत शंका नाहीं. परंतु कोणता टाक आणि कसा? तो टाक भरपूर कर्बाच्या पोलादाचा. त्याला आकार दिल्यावर तापवून, तेलांत विझवून, पुन्हां बेतानें तापवून त्याचें पाणी जमविलेलें असे. त्यानंतर सराईत कामगार, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया असत, टाकाची पाठ सहाणेवर क्षणभर टेंकवीत आणि टोंकाच्या मागची जागा पातळ करीत. म्हणजे घासणें हा अनेक संस्कारांपैकीं एक संस्कार होता. बाकीचे संस्कार वगळून तेवढाच उचलणें म्हणजे मुंज, विवाह कांहीं न करतां एकदम वानप्रस्थाश्रम घेण्यासारखें आहे! आणि आपल्या झरणींतील निब बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची, म्हणजे अगदीं निराळ्या जातीच्या धातूची असते, हें तर कोणी विचारांतच घेत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘आपले आजे-पणजे बोरू स्वतःच तासून घेत, मग आम्हींच आमची निब कां घासूं नये?’ उत्तर सोपें आहे. बोरू म्हणजे वेतासारख्या गवताची कांडी. छेद बिघडला तर चाकूनें दुसरा द्यावा. कांडी बोटभर कमी झाली इतकेंच नुकसान. निबेचा गेलेला धातु परत येत नाहीं. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आपले आजे बोरू तासून त्याला नरम करीत नसत. त्याला तिरपी, रुंद धार देत. आक्षेप घेणारांनीं आजोबांचा चाकू पाहिला, चाकूचा हेतु पाहिला नाहीं.

आणि येथें माझें दुसरें विधान येतें. देवनागरींतील जाड-बारीकपणा भारानें उत्पन्न होत नाहीं, धारेच्या कोनानें होतो. रुंद धार पंचेचाळीस अंशांवर धरली कीं उभा दंड आणि आडवी शिरोरेखा सारख्याच जाडीच्या येतात. तिरप्या रेघांपैकीं एक पूर्ण भरदार उतरते आणि तिला छेदून जाणारी दुसरी केंसासारखी राहते. हात कोठेंहि दाबावा लागत नाहीं. व, क, ळ यांच्या वाटोळ्या पोटांत जाडी जी हळूहळू चढते आणि उतरते, ती या कोनाची किमया आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप आजहि डोळ्यांना गोड लागतात याचें एक कारण हेंच कीं, शिशांत ओतलेल्या त्या अक्षरांत बोरूचा हा धर्म शाबूत आहे.

आतां तेंच अक्षर लवचीक निबेनें काढून पाहावें. भार दिला कीं निबेच्या पाकळ्या डावी-उजवीकडे फांकतात. म्हणून चिरेच्या दिशेनें खालीं ओढलेली रेघ जाड होते. परंतु आडव्या रेघेच्या वेळीं पाकळ्या ज्या दिशेला फांकतात त्याच दिशेला हातहि जातो, म्हणून ती रेघ कितीहि दाबली तरी रुंदावत नाहीं. म्हणजे ज्या लिपीच्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेखा आहे, त्या लिपीची शिरोरेखाच लवचीक निबेला भरदार काढतां येत नाहीं! दंड खांबासारखे आणि वरची तुळई सुतळीसारखी, असें घर उभें राहतें. शिवाय आमच्या अक्षरांत हात वर जातो, वळतो, गांठी घेतो. दाबलेली निब वरच्या दिशेस नेली कीं तिचें टोंक कागदांत रुततें आणि शाईचे शिंतोडे उडतात. इंग्रजी तिरप्या वळणासाठीं घडविलेलें हत्यार त्या वळणांत शोभतें. त्यांत हत्याराचा दोष नाहीं. तें भलत्या शेतांत नेणाराचा आहे.

खुद्द इंग्लंडांतहि हा विचार नवा नाहीं. एडवर्ड जॉन्स्टन यानें १९०६ सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत रुंद धारेच्या लेखणीला पुन्हां मानाचें स्थान दिलें आणि जुन्या हस्तलिखितांतील अक्षरांचें सौंदर्य त्या धारेंतून कसें निघतें तें शिकविलें. आमच्याकडे तर समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. बोरू निवडावा कसा, टाक नाना प्रकारें तोडावे कसे, हेंहि त्यांनीं सांगितलें. पण त्यांचा कटाक्ष आहे तो निराळ्याच गोष्टीवर. पहिलें अक्षर जसें काढलें तसेंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावें, सगळें एकाच टाकानें लिहिल्यासारखें वाटावें, असा त्यांचा आग्रह. ज्या निबेचा स्वभावच पंधरवड्यांत पालटतो तिनें हा आग्रह कसा पुरा व्हावा?

एवढ्यानेंहि प्रकरण संपत नाहीं. निब फांकूं लागली कीं तिला शाई अधिक लागते. निबेखालची जीभ साध्या लेखनास पुरेल इतकीच शाई सोडते. पाकळ्या दूर गेल्या कीं मधला शाईचा पडदा तुटतो आणि एका जाड रेघेऐवजीं आगगाडीच्या रुळांसारख्या दोन बारीक रेघा उमटतात. मग जिभेच्या खोबणी चाकूनें खोल करावयाच्या. तशा केल्या कीं साधें लिहितांना शाई गळूं लागते, कागदाच्या पाठीमागें फुटते. मग दुसरा कागद, दुसरी शाई, दुसरी जीभ. अखेर झरणी, शाई, कागद सर्व जमतें आणि लिहावयाचें तेवढें राहून जातें.

माझ्या विरोधाचें खरें कारण हें आहे. निबा मोडल्या तर नवीन मिळतील. पण ज्या मुलांना अक्षराची गोडी लागली होती, त्यांची ती गोडी हत्याराच्या उठाठेवींत जिरत आहे. या मंडळींचे लेखनाचे नमुने मी पाहतों: इंग्रजी बाराखडीचीं दोनचार फर्राटेदार अक्षरें, स्वतःची सही, फार तर एखादें इंग्रजी सुभाषित. मराठींत लिहिलेलें एक पानभर पत्र त्यांत क्वचित् आढळतें. आणि ह्याच मुलांच्या उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या म्हणजे शिरोरेखा कोठें आहे आणि अक्षर कोठें आहे याचा शोध घ्यावा लागतो. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण जुनी आहे; आतां अंगण वांकडें नसेल तर तें कानशीनें वांकडें करून घेण्यापर्यंत आमची प्रगति झाली आहे. अक्षर सुधारतें तें रोज एक पान मन लावून लिहिल्यानें. हा उपाय फुकट आहे. कदाचित् म्हणूनच त्याला गिऱ्हाईक नाहीं.

तर मग झरणीला हात लावूंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. पाकळ्या खालींवर झाल्या असतील तर नखानें हलकेंच समपातळींत आणाव्यात. टोंक खरखरत असेल तर अतिबारीक पॉलिश कागद पाण्यानें भिजवून त्यावर दोनचार वळसे घ्यावेत, भिंगांतून पाहावें, आणि थांबावें. ज्याला देवनागरी शोभिवंत काढावयाची असेल त्यानें स्वस्तांतली, जाड टोंकाची निब घेऊन तिच्या टोंकाला बोरूसारखी तिरपी, रुंद धार द्यावी. कोपरे किंचित् मारावेत, म्हणजे कागद फाटत नाहीं. टोंकावरचा कठीण धातु थोडाच असतो, तेवढें भान ठेवावें. या कामांत खांद्यांना स्पर्श होत नाहीं, निबेचा कणखरपणा जसाच्या तसा राहतो, आणि पहिल्याच ओळींत अक्षर पालटल्याचें दिसतें. ज्याला इंग्रजी कॉपरप्लेटचाच नाद असेल त्यानें टाकाची दांडी आणि टोंकदार पोलादी टाक घेऊन बसावें. तो थोडक्या पैशांत मिळतो, त्या कामासाठींच घडविलेला असतो, आणि झिजला तर दुःख न करतां टाकून देतां येतो. मात्र आजोबांच्या पेटींत एखादी जुनी सोन्याची निब सांपडली तर तिला कानस दाखवूं नये. ती घडविणारे हात आतां नाहींत.

हौस असावी, पण ती हत्याराचा स्वभाव ओळखून असावी. कणखर निबेकडून नरमाईची अपेक्षा करणें, इंग्रजी वळणाच्या निबेकडून मराठी अक्षराची अपेक्षा करणें आणि कानशीकडून हस्ताक्षराची अपेक्षा करणें, या तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. त्या टाळाव्यात, कानस सुताराला परत द्यावी, आणि आज रात्रीं त्याच साध्या, ताठ, बिनतक्रार निबेनें घरच्या कोणाला तरी मराठींत एक पत्र लिहावें.